खळ (हाताने छापायच्या फोटोच्या कागदाची)

सायनोटाइप (लोहक्षारांची निळी छपाई), सॉल्ट प्रिंट (मीठ आणि चांदीच्या क्षाराची), गम बायक्रोमेट किंवा नुसतं गम (डिंकात कालवलेल्या रंगाची) असल्या हाताच्या फोटो छपाईत रसायन लावायच्या आधी कागदावर जिलेटिन नाहीतर स्टार्चचा पातळ थर चढवतात, त्याला साइजिंग किंवा खळ म्हणतात. खळ कमी पडली की द्रावण धाग्यांत खोल उतरतं आणि गडद भाग मळकट दिसतो. गममध्ये तर रंग कागदातच रुतून बसतो, कितीही धुवा, पांढरा भाग डागाळलेलाच राहतो.

खळ मुळात फोटोसाठी नव्हतीच, ती लिहिण्यासाठी. अरबी कागदाला गव्हाच्या स्टार्चची खळ असायची आणि आपल्याकडचे कागजी, म्हणजे कागद बनवणारे, तेही स्टार्च लावून दगडाने घोटायचे, त्यात जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही नावाजलेली ठिकाणं. जिलेटिनची खळ इटलीतल्या फाब्रियानोची, १३ व्या शतकाच्या उत्तरार्धातली असं साधारण मानतात, पण तिथे ती पहिल्यांदा निघाली म्हणण्यापेक्षा तिथून रूढ झाली इतकंच म्हणणं बरं. स्टार्च का सोडला यावरही दोन मतं आहेत. युरोपच्या ओल्या हवेत स्टार्चला बुरशी-कीड लागायची हे कारण नेहमी सांगतात, दुसरं कारण पिसाच्या टोकदार लेखणीचं, तिला बोरूपेक्षा कडक कागद लागायचा. दुसरं जास्त पटतं, कारण बुरशी जिलेटिनलाही धरतेच, ठाण्यात जुलैमध्ये खळ दिलेला कागद कपाटात ठेवून बघावा.

पुढे १८०७ च्या सुमारास जर्मनीत इलिग नावाच्या माणसाने राळ आणि तुरटीची खळ कागदाच्या लगद्यातच घालायची पद्धत मांडली आणि युरोपातल्या बऱ्याच गिरण्या तिकडे वळल्या, इंग्रज मात्र जिलेटिनला धरून राहिले, म्हणून सॉल्ट प्रिंट शोधणाऱ्या टॅलबॉटचे बरेचसे प्रिंट जिलेटिनची खळ दिलेल्या व्हॉटमन या इंग्रजी कागदावर आहेत. खळ बदलली की सॉल्ट प्रिंटची छटा बदलते, यावर फारसा वाद नाही.

आजच्या बऱ्याच चांगल्या कागदांत एकेडी नावाची कृत्रिम खळ आणि सोबत खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असतं. चित्रकाराला ते बरं, पण सायनोटाइपचा निळा रंग अल्कलीत फिका पडतो. म्हणून असा कागद आधी साधारण १० टक्के सल्फॅमिक आम्लात बुडवतात, बुडबुडे यायचे थांबले की खडू संपला, मग भरपूर धुवायचं. प्लॅटिनमच्या क्षारांनी करायच्या छपाईसाठी बिनखडूचे कागद वेगळे मिळतात, महाग असतात. साध्या सायनोटाइपला कागदाची मूळ खळच पुरते, वरून आणखी सहसा लागतही नाही.

गमचा फोटो थरावर थर छापून होतो, त्यासाठी आधी कागद गरम पाण्यात भिजवून आकसवून घेतात, नाहीतर दुसऱ्या थराला निगेटिव्ह जुळत नाही. मग लिटरभर थंड पाण्यात ३० ग्रॅम जिलेटिन फुगवायचं, ५०-६० अंशांपर्यंत तापवायचं, उकळी येऊ द्यायची नाही (जिलेटिनचा जोर जातो), कागद त्यातून काढून दोरीवर चिमट्याने टांगायचा. जिलेटिन धुण्यात निघू नये म्हणून ते कडक करायला जुन्या कृतींत फॉर्मेलिन आहे, पण ते विषारी, फ्लॅटच्या बाथरूममध्ये त्याचं नावही नको. ग्लायॉक्झल चालतं, मात्र नंतर नीट धुतलं नाही तर कागद पिवळा पडतो. क्रोम तुरटीने किंचित हिरवट झाक येते.

ठाणे-नवी मुंबईत हे काम थंडीत उरकावं. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३५ च्या वर असतो आणि ३० च्या पुढे जिलेटिन घट्टच होत नाही, ओघळून कागदाच्या खालच्या कडेला जमतं, म्हणून उन्हाळ्यात पहाटे नाहीतर एसीच्या खोलीत. पावसाळ्यात उलटं, जिलेटिन जमतं पण कागद वाळत नाही आणि घरभर वास. आणि जिलेटिन हाडा-कातड्याचं, त्यामुळे शाकाहारी घरात स्वयंपाकाच्या पातेल्यात ते तापवायला कुणी देणार नाही, पातेलं वेगळं ठेवावं लागतं. नाहीतर २-३ टक्के आरारूटची खळ शिजवून स्पंजने लावावी, सॉल्ट प्रिंटला ती छान चालते, गमच्या वारंवार धुण्यात मात्र टिकत नाही.