बाह्य वाद्य-प्लगइन

संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात नसलेले, दुसऱ्या कुणी बनवलेले आणि मागाहून जोडलेले आभासी वाद्य. कोणता स्वर, किती जोराने, किती वेळ, हे सांगणारे मिडी संदेश की-बोर्डकडून घेऊन ते आवाज तयार करते. सर्ज एक्सटीसारखी मोफत सिंथेसायझर प्लगइन आवाज गणिताने घडवतात. सॅम्पलर मात्र खऱ्या वाद्याचे आधी मुद्रित केलेले नमुने वाजवतात.

स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी ही जोडणीपद्धत आणली. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्लगइनला मिडी घेता येऊ लागले आणि वाद्यांची वाट खुली झाली. लॉजिक आणि प्रो टूल्स या सॉफ्टवेअरना मात्र वेगळ्या जोडणीपद्धती लागतात: लॉजिकला ऑडिओ युनिट, प्रो टूल्सला एएएक्स.

इन्स्टॉल करताना बहुतेकांचे अडते ते फोल्डरपाशी. विंडोजवर व्हीएसटी३ ची जागा ठरलेली आहे: प्रोग्रॅम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी३. जुन्या व्हीएसटी२ ला अशी एकच जागा नाही. फोल्डर कोणता ते सॉफ्टवेअरला सांगून पुन्हा स्कॅन करावे लागते. तरीही वाद्य यादीत दिसले नाही, तर ते ३२ बिटचे आहे का ते आधी पाहावे, कारण ६४ बिटच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बहुधा थेट चालत नाही. कॉन्टॅक्ट या सॅम्पलरच्या लायब्ररी, म्हणजे नमुन्यांचे संच, घेताना वेगळी काळजी हवी. त्याच्या मोफत प्लेअरसाठी परवाना नसलेली लायब्ररी त्यात १५ मिनिटेच चालते. क्रॅक केलेली प्लगइन टाळावीत, कारण त्यांतून व्हायरस येऊ शकतो आणि गिऱ्हाइकाचे अख्खे काम जाऊ शकते.

वाजवताना आवाज उशिरा येत असेल तर बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, कमी करावा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (४४,१०० हर्ट्झ) असतील तर १२८ सॅम्पलचा बफर सुमारे ३ मिलिसेकंदांचा असतो, ५१२ चा सुमारे १२ चा. विंडोजवर हा उशीर कमी ठेवणारा आसिओ ड्रायव्हर हवाच. मिक्सिंगच्या वेळी बफर वाढवावा आणि जड ट्रॅक फ्रीझ करावेत, म्हणजे तात्पुरते तयार ऑडिओत बदलावेत.

सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड शेजारी नांदतात. इथल्या गाण्याला तबला, ढोलक, बासरी तयार लायब्ररीत सहज सापडतात. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांपुढे कडाडणारी हलगी मात्र तिथे क्वचितच भेटते, आणि भेटली तरी तिचा बाज इथला नसतो. दुसऱ्याच तालवाद्याचा आवाज चढवून तिची जागा भरली, तर सोलापूरकराच्या कानाला ते लगेच खटकते. म्हणून हलगी आपणच मुद्रित करावी हे उत्तम.

हलगी शेकली की कातडे ताणले जाऊन आवाज चढतो आणि थंड होताना उतरतो. त्यामुळे सगळे ठोके एकाच बैठकीत घ्यावेत, मधूनमधून शेकून स्वर पहिल्या ठोक्याशी जुळवत राहावे. मधला ठोका, कडेचा ठोका, दाबलेला ठोका, प्रत्येक हलका, मध्यम आणि जोरकस असा घ्यावा. एकाच जोराचे तीन-चार नमुने आळीपाळीने वाजू द्यावेत, नाहीतर जलद बोल यंत्रासारखे वाजतात. वादकाला मानधन द्यावे आणि नमुने कुठे वापरणार ते आधीच सांगून त्याची संमती घ्यावी.

हे नमुने डिसेंट सॅम्पलर किंवा स्फोर्झांडो या मोफत प्लगइनमध्ये बसवता येतात. स्फोर्झांडोची एसएफझेड फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. कोणत्या कीला कोणता ठोका आणि किती जोराला कोणता नमुना, हे नोटपॅडमध्ये उघडून बदलता येते.