वसईच्या वेशी: एक दर्याकडे, एक जमिनीकडे

वसईचा किल्ला बघायला येणारे बहुतेक जण चर्चच्या पडक्या भिंतींपाशी फोटो काढून परततात. माझं सांगणं, आधी दरवाजे बघा. कारण हा नुसता लष्करी किल्ला नव्हता, तटबंदीच्या आत वसलेलं शहर होतं. हे दरवाजे म्हणजे त्या शहराच्या वेशी.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा दोन्हीकडून कोंडीत सापडला होता. जमिनीवर हुमायूनची धास्ती, पाण्यात पोर्तुगीज आरमार. त्याने तह करून वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. लवकरच बालेकिल्ला उभा राहिला आणि पुढे भोवती शहर वाढत गेलं. बालेकिल्ल्याच्या कमानीवर पोर्तुगालचं राजचिन्ह आणि खलाशांचं गोलयंत्र, म्हणजे आकाशाची रचना दाखवणारा कड्यांचा गोल, कोरलेलं आहे. राज्य कशाच्या जोरावर आलं, ते त्या गोलयंत्रावरून कळतं.

दक्षिणेला खाडी, पश्चिमेला समुद्र. पाण्यावर हुकूमत पोर्तुगीजांचीच, तरी दर्याकडचा दरवाजा काही कच्चा ठेवला नाही. सागाची जाडजूड दारं, त्यांवर लोखंडी पत्रा आणि टोकदार खिळे. खाऱ्या वाऱ्याने गंजलेले ते खिळे जवळ जाऊन बघा, फक्त हात लावू नका. बाहेर किल्लाबंदरची कोळ्यांची वस्ती आहे.

खरी भीती होती ती जमिनीची. म्हणूनच त्या बाजूच्या वेशीला एक दरवाजा पुरला नाही, आत आणखी एक बांधला. बाहेरचं दार फोडून शत्रू आत शिरला तरी पुढे दुसरं दार बंद, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत वरून मारा. त्या दोन दारांच्या मध्ये उभं राहून वर बघितलं की बांधणाऱ्याचा हिशेब नकाशाशिवाय समजतो.

चिमाजी अप्पांनी १७३९ साली वेढा आवळला तेव्हा मराठे त्या सापळ्यात शिरलेच नाहीत. त्यांनी तटाखाली सुरुंग खणले आणि मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरूज उडवून खिंडार पाडलं. त्या लढाईत दोन्हीकडची असंख्य माणसं पडली. शेवटी तह झाला आणि पोर्तुगीज आपली शस्त्रं, बायकामुलं घेऊन जहाजांवर चढले. मराठ्यांनी त्यांना वाटेत अडवलं नाही.