अल्बुलार्यो : फिलिपिन्समधील लोकवैद्यक

फिलिपिन्सच्या खेड्यापाड्यांत झाडपाला, मर्दन, धुरी, प्रार्थना आणि नैवेद्य यांच्या आधारे आजार बरे करणाऱ्या वैदूला अल्बुलार्यो म्हणतात. देशाच्या मध्यभागातील विसाया बेटांत त्यालाच मानानांबाल म्हणतात. अंग चोळून लचक, मुरगळा, ताप उतरवणारे आणि एके काळी बाळंतपणेही करणारे ते मांगहिहिलोट. त्यांची विद्या म्हणजे हिलोट. लुझोन या मोठ्या बेटाच्या उत्तरेकडील डोंगरात इफुगाओ लोकांचे मुंबाकी हे पुरोहित असून आजारपणात तेच कोंबडी-डुकराचा बळी देऊन पूर्वजांना व देवतांना आळवतात. ही सगळी मंडळी एकाच पंथाची नाहीत. तरी आजाराकडे पाहण्याची त्यांची रीत सारखी आहे: शरीरात काय बिघडले याच्या आधी, रोग्याकडून कोणाचा अपमान झाला हे ती विचारतात. त्यामुळे उपचाराचा मोठा भाग माफी मागण्याचा असतो.

माणसाच्या शेजारी, पण नजरेआड, आणखी एक वस्ती नांदते ही या समजुतीमागची धारणा आहे. वारुळात नुनो सा पुन्सो हा ठेंगणा म्हातारा राहतो. वडा-उंबराच्या जातीतल्या बालेते झाडावर एन्कांतो नावाचे अदृश्य जीव असतात. डोंगर-अरण्ये दिवाता नावाच्या देवता राखतात. वारुळावर पाय पडला, झाडाखाली लघवी केली, न विचारता झाड तोडले, तर त्यांना इजा होते आणि ते रागावतात. पाय सुजणे, अंगावर गांध्या उठणे, औषधाने न हटणारा ताप ही त्या रागाची खूण मानली जाते. म्हणून रानातून जाताना, अंधारात पाणी फेकताना ‘ताबी-ताबी पो’ म्हणजे ‘जरा बाजूला व्हा हो’ असे आदराने म्हणण्याची सवय मुलांना लहानपणापासून लावतात.

अपमान नेमका कोणाचा झाला, हे शोधण्याची मुख्य पद्धत पागतातावास. अल्बुलार्यो तुरटीचा खडा रोग्याच्या अंगावरून, विशेषतः दुखऱ्या जागेवरून फिरवतो, प्रार्थना पुटपुटतो आणि तो निखाऱ्यावर ठेवतो. तुरटी फुलून वेडावाकडा आकार घेते. त्यात त्याला बुटका, झाड, कुत्रा किंवा एखादी बाई दिसते. तुरटीऐवजी मेणबत्तीचे वितळलेले मेण पाण्यात थेंब थेंब सोडण्याचीही चाल आहे. मग प्रश्न सुरू होतात: परवा कुठे गेला होता, काय तोडले, कुठे बसला होता? या चौकशीत घरातली सगळी माणसे सामील होतात आणि रोग्याचे मागचे काही दिवस सर्वांसमोर उलगडतात. ठिकाण ठरले की तिथे भात, कोंबडी, विडी, दारू ठेवून क्षमा मागितली जाते. अन्न मात्र अळणी हवे, कारण या जीवांना मीठ सोसत नाही असा समज आहे.

उसोग हा प्रकार मुख्यतः तान्ह्या मुलांचा. परका माणूस घरी येतो, बाळाचे कौतुक करतो आणि तो गेल्यावर बाळाला ताप येतो, पोट फुगते, रडे थांबत नाही. मराठी वाचकाला इथे दृष्ट आठवेल, पण उसोगमध्ये मत्सर असावाच लागत नाही. काही माणसांचे तेज मुळातच जड असते आणि प्रेमाने बोलले तरी ते कोवळ्या जिवाला बाधते, अशी ही कल्पना. म्हणून उतारा त्या पाहुण्याकडेच असतो: त्याने अंगठ्याला आपली थुंकी लावून बाळाच्या पोटावर किंवा कपाळावर टेकवायची. कौतुक करतानाच ‘पुवेरा उसोग’ म्हटले की बाधा टळते. विसायात याच बाधेला बुयाग म्हणतात.

सगळ्याच आजारांमागे अदृश्य जीव असतात असे नाही. पास्मा हा उष्ण आणि थंड एकत्र आल्याने होणारा विकार: तासन्‌तास इस्त्री केल्यावर लगेच गार पाण्यात हात घातले तर हात थरथरतात, तळव्यांना घाम सुटतो. बिनात म्हणजे बरे होत आलेल्या माणसाने घाई केल्यामुळे उलटलेले दुखणे. बाळंतिणीला याचे भय फार, म्हणून तिला पाल्याच्या वाफेचा शेक देतात. मानवशास्त्रज्ञ मायकेल टॅन यांनी उसोग, पास्मा आणि कुलाम (करणी) यांचा एकत्र अभ्यास केला आहे. तसा तो व्हायलाच हवा, कारण घरातली आई या तिन्ही शक्यता एकाच रात्री मनात घोळवत असते.

कुलाम म्हणजे करणी. विसायातील बारांग हा त्याहून भयंकर मानला जातो. त्यात किडे, भुंगे शत्रूच्या शरीरात सोडले जातात असे सांगतात. यामागे बहुधा जमिनीचे वाद, मोडलेली लग्ने, न फेडलेली कर्जे असतात. रात्री रूप बदलून गर्भवतीचा जीव घेणारी आस्वांग ही या भीतीची टोकाची मूर्ती, आणि तिच्यासाठी पनाय बेटावरील कापिझ प्रांत अकारण बदनाम झाला. याच बेटावरील पुरुषांमध्ये लुबाग नावाचा मज्जासंस्थेचा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात मान, जीभ, हातपाय आपोआप पिळवटतात. वैद्यकीय साहित्यात त्याची नोंद १९७६ मध्ये झाली. आस्वांगच्या वर्णनांना या रोग्यांना पाहण्यातून खतपाणी मिळाले असावे, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. हा तर्कच असला, तरी आस्वांग किंवा मांत्रिक ठरवून वाळीत टाकलेल्या, प्रसंगी ठार मारलेल्या माणसांचा विचार करता तो गांभीर्याने घ्यावा असा आहे. झोपेत तरुण पुरुषांना येणारा बांगुंगोत हा अकस्मात मृत्यू उत्तर लुझोनमधील इलोकानो लोक बातिबात या लठ्ठ भूतिणीच्या माथी मारतात. हृदयरोगतज्ज्ञांनी त्यातील अनेक मृत्यूंचा संबंध हृदयाची लय बिघडवणाऱ्या ब्रुगाडा विकाराशी जोडला आहे.

स्पॅनिश येण्यापूर्वी हे काम बाबायलान (तागालोग भागात कातालोनान) करत. त्या बहुतेक स्त्रिया होत्या. स्त्रीवेशात राहणारे पुरुषही ते करत. दर्यावर्दी मॅगेलनसोबत आलेल्या अंतोनियो पिगाफेत्ताने १५२१ मध्ये सेबू येथे दोन वृद्ध स्त्रियांनी केलेला डुकराचा बळी तपशीलवार लिहून ठेवला आहे. १५६५ मध्ये स्पॅनिश वसाहत सुरू झाल्यानंतर मिशनऱ्यांनी बाबायलानना चेटकिणी ठरवले, मूर्ती जाळल्या. प्रतिकारही झाला: १६२१ मध्ये बोहोल बेटावर तांब्लोत या पुरोहिताने बंड केले. बाबायलानचे सार्वजनिक स्थान गेले, पण विद्या गेली नाही. तिने कॅथलिक वस्त्रे नेसली. आजचा अल्बुलार्यो सांतो निन्योच्या (बाल येशूच्या) मूर्तीसमोर बसतो, मोडक्यातोडक्या लॅटिनमधले ओरास्योन मंत्र म्हणतो आणि गळ्यातल्या आंतिंग-आंतिंग ताइताचे बळ गुड फ्रायडेला नवे करतो. त्यासाठी बानाहाव डोंगरावर पवित्र सप्ताहात गर्दी लोटते.

सिकिहोर बेटाची कीर्ती यात सर्वांत मोठी. तिथले वैदू लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, शुक्रवारी मुळ्या, साली, मेण गोळा करतात आणि ईस्टरआधीच्या शनिवारी बांदिलाआन डोंगरावर ते सारे कढवतात. बोलो-बोलो ही तिथली खास पद्धत आहे: पाण्याच्या पेल्यात एक खडा टाकून तो पेला रोग्याच्या अंगावरून फिरवतात आणि बांबूच्या नळीने पाण्यात फुंकतात. पाणी गढूळ झाले की दोष निघाला असे मानून पुन्हा स्वच्छ पाणी घेतात, ते निवळ राहीपर्यंत.

वैदूपण शिकून येत नाही, ते मिळते, अशी श्रद्धा आहे: जिवावरच्या दुखण्यातून, स्वप्नातून किंवा एखाद्या एन्कांतोच्या मैत्रीतून. पायाळू जन्मलेल्या माणसाच्या (सुही) हातात चोळण्याचा गुण असतो, गळ्यावरून हात फिरवून तो अडकलेला माशाचा काटाही उतरवतो असे मानतात. पायाळूची लाथ उसणीवर चालते हे ऐकून वाढलेल्या मराठी माणसाला हे परके वाटणार नाही. फी ठरवली तर शक्ती जाते, म्हणून रोगी देईल ते घ्यायचे. दवाखाना दूर आणि महाग असलेल्या बेटांवर ही गोष्ट फार मोलाची ठरते.

झाडपाल्याला शासनाने मान दिला. आरोग्यमंत्री हुआन फ्लाव्हिएर यांच्या काळात, १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात, दहा औषधी वनस्पतींचा प्रचार झाला. त्यांत लसूण, पेरू, कारले यांच्याबरोबर लागुंदी आहे, म्हणजे आपली निर्गुडी. तिचे खोकल्याचे औषध आता तिथल्या दुकानांत सर्रास मिळते. १९९७ च्या कायद्याने पारंपरिक वैद्यकासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभी राहिली. हिलोटचा मर्दनाचा भाग सरकारी प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात आला. बाळंतपणाचा भाग मात्र २००८ नंतर आरोग्य केंद्रांकडे वळवण्यात आला आणि अनेक गावांनी घरी बाळंतपण करणाऱ्या मांगहिहिलोटना दंड लावले. मातामृत्यू पाहता हे धोरण समजण्यासारखे आहे. पण जिथे केंद्रच नाही तिथे त्याने बायकांची एकुलती एक मदतनीस हिरावली. उसोग समजून अंगावर काढलेला बाळाचा ताप न्यूमोनियाचा किंवा डेंगीचा असू शकतो, हा धोका खराच आहे. जाणते अल्बुलार्योही तो ओळखतात आणि ‘हे डॉक्टरांचे दुखणे आहे’ असे सांगून रोग्याला पुढे पाठवतात.