दृश्यपरिणाम, छायाचित्र संपादनातील

कॅमेऱ्यासमोर जे नव्हते ते छायाचित्रात आणणे, किंवा जे होते ते वेगळ्या उजेडात, वेगळ्या हवेत, वेगळ्या जागी दाखवणे, यासाठी फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केल्या जाणाऱ्या कृतींना दृश्यपरिणाम म्हणतात. आभाळ बदलणे, माणसाचे कटिंग करून (म्हणजे कडेने सुटा काढून) त्याला दुसऱ्या पार्श्वभूमीवर उभे करणे, कोरड्या रस्त्यावर पाऊस पाडणे, दिव्याभोवती प्रभा आणणे, दोन चित्रे एकमेकांत विरघळवणे हे त्यांतले नेहमीचे प्रकार. फोटो उजळ करणे, चेहऱ्यावरचा डाग काढणे, रंग दुरुस्त करणे हे टचअपचे काम सहसा यातून वगळतात, पण सीमारेषा फारशी पक्की नाही. पुण्यात हे परिणाम लग्नाच्या करिझ्मा अल्बममध्ये, गणेश मंडळांच्या पत्रकांवर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आणि मोबाइलवर येणाऱ्या सणांच्या शुभेच्छांत रोज दिसतात.

यातली बहुतेक तंत्रे एका बैठकीत शिकता येतात. ती खरी वाटावीत यासाठी मात्र सॉफ्टवेअरच्या ज्ञानापेक्षा उजेडाची समज जास्त लागते. नवशिका आणि मुरलेला ऑपरेटर यांच्यातला फरक तिथेच उघड होतो.

पूर्वपीठिका : संगणकाच्या कितीतरी आधी हे काम डार्करूममध्ये होत असे. ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने १८५७ मध्ये तीसच्या आसपास निगेटिव्ह एकत्र छापून एकच मोठे चित्र तयार केले होते. कागदाचा एक भाग झाकून दुसरा उजेडात धरायचा, मग उलट, ही त्यामागची युक्ती आजच्या मास्कची (चित्राचा काही भाग झाकणाऱ्या पडद्याची) थेट पूर्वज म्हणता येईल. पुण्याला या कलेची ओळख प्रामुख्याने सिनेमातून झाली. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि तिच्या संतपटांतले चमत्कार प्रेक्षकांच्या मनात ठसले. ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मधली चालणारी भिंत हे त्याचे ठळक उदाहरण. प्रभातच्या त्याच आवारात १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षणाची शासकीय संस्था, म्हणजे आजची एफटीआयआय, सुरू झाली. स्थिरचित्रांच्या स्टुडिओंत याच काळात रंगवलेले पडदे आणि ब्रशने केलेले रिटचिंग चालू होते. पडद्यावरचा महाल किंवा बाग आणि पुढे खुर्चीत बसलेले कुटुंब, हासुद्धा पार्श्वभूमी बदलण्याचाच प्रकार.

मिशिगन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ मध्ये पडद्यावर करड्या छटा दाखवणारा एक प्रोग्राम लिहिला. त्यांचे भाऊ जॉन नोल सिनेमातील दृश्यपरिणामांच्या कंपनीत काम करत होते. दोघांनी मिळून तो वाढवला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप या नावाने अडोबी कंपनीने तो बाजारात आणला. परिणामांच्या दृष्टीने खरे वळण आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत, लेयरमुळे, म्हणजे एकावर एक ठेवता येणाऱ्या सुट्या थरांमुळे. त्याआधी एक चित्र दुसऱ्यावर चिकटवले की ते त्यातच मिसळून जाई आणि नंतर हलवता येत नसे. फुकट वापरता येणारे आणि मुक्त स्रोत असलेले गिंप १९९६ मध्ये लोकांसमोर आले. या नोंदीतले जवळजवळ सगळे त्यातही करता येते.

लेयर आणि मास्क : प्रत्येक घटक वेगळ्या लेयरवर ठेवला की खालचे चित्र न बिघडवता तो सरकवता, फिका करता किंवा काढून टाकता येतो. लेयरचा कोणता भाग दिसावा हे मास्क ठरवतो : मास्कवर पांढरे तिथे चित्र दिसते, काळे तिथे लपते, करडे तिथे अर्धवट दिसते. खोडरबराने कडा पुसणारा माणूस पुढे अडतो, कारण पुसलेले परत येत नाही. मास्कवर ब्रश फिरवून ते केव्हाही परत आणता येते.

कटिंगची अडचण कडेवर अवलंबून असते. पुणेरी पगडीची कड ठाम असते, पेन टूलने (कडेने रेघ आखून निवड करण्याच्या साधनाने) पाच मिनिटांत सुटते. मोकळे केस, झिरझिरीत ओढणी, आरतीच्या तबकातला धूर यांना ठाम कड नसतेच. तिथे पेन टूल चालवले की माणूस कात्रीने कापल्यासारखा दिसतो. अशा वेळी निवड किंचित आत घेऊन कड मऊ करतात आणि सुटे केस बारीक ब्रशने पुन्हा काढतात. पांढऱ्या भिंतीपुढे काढलेला फोटो गडद पार्श्वभूमीवर नेला की केसांभोवती फिकी झालर उरते. तिच्यावर उपाय म्हणजे कडेच्या पिक्सेलांना, म्हणजे चित्राच्या बारीक ठिपक्यांना, आतला रंग देणे. फ्लेक्सवरच्या व्यक्तीभोवती दिसणारी पिवळी वा पांढरी ‘आउटर ग्लो’ची प्रभा अनेकदा भक्तिभावातून आलेली नसते, ती कच्चे कटिंग झाकत असते.

उजेडाची दिशा : शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ही पुण्यातल्या फोटोंची हुकमी पार्श्वभूमी. हा दरवाजा उत्तराभिमुख आहे. पुणे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्याने सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरेकडच्या भिंतीवर थेट ऊन पडत नाही. या दिवसांत काढलेल्या दरवाजाच्या फोटोपुढे एका गालावर कडक ऊन आणि दुसऱ्यावर काळी सावली असलेला चेहरा आणून ठेवला, तर कटिंग कितीही सफाईदार असो, पाहणाऱ्याला काहीतरी खटकते. काय खटकते ते त्याला बहुधा सांगता येत नाही. तिथे खरोखर उभा राहिलेला माणूस एकतर वाड्याच्या सावलीत असतो, म्हणजे चेहऱ्यावर पसरलेला मऊ, किंचित निळसर उजेड. नाहीतर सावलीच्या बाहेर असतो, म्हणजे ऊन पाठीमागून, चेहरा तुलनेने गडद, केसांच्या कडेला उजळ रेघ आणि स्वतःची सावली कॅमेऱ्याच्या दिशेने पडलेली. कर्व्ह्जने (उजेड-गडदपणा बदलण्याच्या साधनाने) चेहऱ्याची तीव्रता कमी करून रंग थोडा थंड केला की पहिली स्थिती बऱ्यापैकी साधते. दुसरी साधणे कठीण; त्यापेक्षा योग्य उजेडात पुन्हा फोटो काढणे सोपे.

सावली : माणूस जमिनीवर टेकतो तो सावलीमुळे. कटिंग केलेल्या लेयरची प्रत काढून ती काळी भरतात, ट्रान्सफॉर्मने जमिनीवर आडवी पाडतात, मिश्रणपद्धती ‘मल्टिप्लाय’ ठेवतात (तिचे गणित पुढे दिले आहे) आणि ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, निम्म्याच्या आसपास आणतात. इथवर सगळे करतात. पुढच्या तीन गोष्टी बहुतेक जण विसरतात.

पहिली, लांबी. पुण्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य माथ्याशी असतानाही, म्हणजे दुपारी साडेबाराच्या सुमारास, क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो; सावली उंचीच्या साधारण नऊ-दशांश पडते. मेच्या मध्यावर त्याच वेळी सावली पायाखाली नाहीशी होते. तो शहरातला शून्य सावलीचा दिवस, आणि जुलैअखेरीस तो पुन्हा येतो. दिवाळीतल्या दुपारच्या फोटोत सावली नुसती पायांशी गोळा करून ठेवली तर ती मे महिन्याची ठरते.

दुसरी, कड. सूर्य आकाशात सुमारे अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो, त्यामुळे सावलीची कड वस्तूपासूनच्या अंतराच्या शंभराव्या हिश्श्याइतकी धूसर होत जाते. पावलापाशी ती रेखीव असते आणि डोक्याच्या सावलीपाशी सुमारे दोन सेंटीमीटर पसरते. संपूर्ण सावलीला एकसारखा गॉसियन ब्लर (सर्व दिशांनी धूसर करणारा परिणाम) देणे म्हणूनच चूक. धूसरपणा मास्कच्या उतारावर वाढवत न्यावा लागतो. तिसरी, तळव्याखालची अगदी अरुंद, जवळजवळ काळी रेघ. ढगाळ हवेत लांब सावली पडत नाही, पण ही रेघ असतेच. ती नसेल तर माणूस तरंगतो.

मिश्रणपद्धती : दर पिक्सेलची उजळता ० ते २५५ या आकड्यांत मोजली जाते आणि मिश्रणपद्धती हे या आकड्यांवरचे गणित असते. ‘मल्टिप्लाय’ दोन उजळतांचा गुणाकार करून २५५ ने भागते : १२८ वर १२८ ठेवले की ६४, म्हणजे नेहमी गडद. ‘स्क्रीन’ नेमके उलटे करते, त्याच दोन आकड्यांतून १९२ देते, आणि काळ्या भागाचा परिणाम शून्य होतो. त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवरचे फटाके, ठिणग्या, निरांजनाची ज्योत, धूर यांचे कटिंगच करावे लागत नाही. फोटो वर ठेवायचा, ‘स्क्रीन’ निवडायचे, काळे आपोआप जाते. आषाढी वारीत पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की वारकऱ्याच्या आकृतीत विठ्ठलाची मूर्ती दिसणारी चित्रे मोबाइलवर फिरू लागतात. तीही याच गणिताने बनतात : पांढऱ्यावर गडद आकृती घ्यायची, मूर्तीचा फोटो ‘स्क्रीन’मध्ये वर ठेवायचा, पांढरे पांढरेच राहते आणि मूर्ती फक्त आकृतीच्या आत उमटते.

पाऊस पाडण्यासाठी काळ्या लेयरवर ‘नॉइज’चे विखुरलेले ठिपके टाकून लेव्हल्सने (उजळतेच्या मर्यादा ठरवून) त्यातले थोडेच ठेवतात, मोशन ब्लरने (एकाच दिशेने धूसर करून) त्यांना तिरप्या रेघा करतात आणि लेयर ‘स्क्रीन’मध्ये टाकतात. जवळच्या धारा लांब व ठळक, दूरच्या बारीक, असे दोन लेयर केले तर खोली येते. मात्र कडक उन्हातल्या फोटोवर धारा ओढून पाऊस होत नाही. आधी सावल्या मवाळ करून आभाळ करडे करावे लागते, रस्त्यावर वरच्या चित्राची उलटी, उभी विस्कटलेली प्रत फिकी करून ओल दाखवावी लागते. धुक्यातही चूक होते : पांढरा ढग सगळ्यावर सारखा पसरवतात, प्रत्यक्षात मात्र सिंहगडावरून दिसणाऱ्या डोंगररांगांत प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा फिकी आणि कमी तीव्र असते. मास्कमध्ये हाच उतार द्यायचा असतो. ब्लरची त्रिज्या पिक्सेलांत मोजतात हेही ध्यानात हवे. हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत शोभणारा ५ चा ब्लर चार हजार रुंदीच्या फोटोत दिसतही नाही.

पुण्यातील फ्लेक्स : अप्पा बळवंत चौक आणि आसपासच्या पेठांत डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी), छपाई आणि डिझाइनची कामे दीर्घकाळ एकवटलेली आहेत. गणेशोत्सव, शिवजयंती आणि निवडणूक हे तिथले हंगाम. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स इंचाला ७२ पिक्सेल धरून केला तर चित्र ८,६४० बाय १७,२८० पिक्सेलांचे, म्हणजे जवळजवळ १५ कोटी पिक्सेलांचे होते आणि एकेक भरलेला लेयर सुमारे ४५० एमबी घेतो. म्हणून फाइल लहान प्रमाणात करून छापताना मोठी करतात. रस्त्यापलीकडून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. रंगांचा फरक मात्र कळतो. पडद्यावरचा झगझगीत निळा आणि पोपटी चार शाईंच्या छपाईत मंदावतो, म्हणून ‘स्क्रीन’ आणि ‘ग्लो’ने आणलेली चमक छापून आल्यावर निम्मी राहते.

मराठी मजकुराची अडचण वेगळी. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड (अक्षरांच्या सर्वमान्य संगणकीय संकेतांतली) देवनागरी टाकली की जोडाक्षरे सुटत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ही टंकप्रणाली डिझाइनवाल्यांत रुजण्याचे हे एक कारण. नंतरच्या आवृत्त्यांत टाइपच्या पसंतींमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचे इंजिन निवडता येऊ लागले, तरी सेटिंग राहून गेल्यामुळे मोडलेली अक्षरे चौकाचौकांत अजून दिसतात.

अलीकडचे बदल : २०१० मध्ये फोटोशॉपला ‘कंटेंट-अवेअर फिल’ मिळाले, म्हणजे काढलेल्या वस्तूची जागा भोवतालावरून भरण्याची सोय, २०२३ मध्ये शब्दांत सांगून चित्राचा भाग तयार करवण्याची सोय आली. कटिंग आता मोबाइलही एका स्पर्शात करतो. अशा साधनांनी घातलेली सावली कधी पटते, कधी फोटोतल्या इतर सावल्यांच्या उलट पडते. बनावट फोटो ओळखताना आधी तिकडेच पाहावे. वृत्तछायाचित्रात असे कोणतेही परिणाम निषिद्ध मानले जातात आणि उजेड-रंगाची मर्यादित दुरुस्तीच चालते. दुसऱ्याचा चेहरा परवानगीशिवाय भलत्या चित्रात बसवणे हा प्रसंगी गुन्हा ठरू शकतो.

पूर्ण झालेले काम फोटोशॉपच्या पीएसडी किंवा गिंपच्या एक्ससीएफ स्वरूपात जपून ठेवतात, कारण जेपीईजीत सगळे लेयर एकजीव होतात. मंडळाने ऐनवेळी अध्यक्षांचा फोटो बदलायला सांगितला, तर नुसत्या जेपीईजीतून तो सुटा होत नाही. व्हॉट्सअॅपवर नमुना पाठवताना तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवतात. फोटो म्हणून गेलेला आकाराने लहान होतो आणि बारीक केस, धारा, ठिणग्या यांचा चिखल होऊन पोचतो.