नेजमे (बैरुतचा फुटबॉल क्लब)

नेजमे म्हणजे अरबीत तारा. लेबनॉनची राजधानी बैरुत, तिथल्या ऐन अल-म्रेसे या समुद्राकाठच्या वस्तीत १९४५ साली हा क्लब सुरू झाला आणि देशात सगळ्यात जास्त फॅन कुणाचे असं विचारलं तर आजही बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव ह्याचंच येतं. जर्सी गडद लाल, आपण मरून म्हणू तसली. तिकडे ह्या रंगाला नबीदी म्हणतात, नबीद म्हणजे वाइन, आणि टीमलाही लोक सरळ नबीदीच म्हणतात.

ह्या क्लबचं वेगळेपण कळायला आधी तिथला फुटबॉल कसा वाटलेला आहे ते बघायला लागतं. लेबनॉनमध्ये सरकारमान्य असे १८ धर्मपंथ आहेत, राष्ट्राध्यक्ष मरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया असं ठरलेलंच आहे, आणि क्लबांचंही साधारण तसंच झालंय. होमेनेटमेन आणि होमेनमेन हे आर्मेनियन लोकांचे, हिकमे मरोनाइटांचा, सफा द्रुझांचा (इस्लाममधून निघालेला एक वेगळा पंथ), अन्सार सुन्नींचा, अहेद हिजबुल्ला या शिया संघटनेच्या जवळचा. म्हणजे माणसाची टीम कळली की बऱ्याचदा त्याचं घराणं कुठलं आणि मत कुणाला हेही कळतं. नेजमेचं तसं होत नाही. पैसा बरीच वर्षं सुन्नी पुढाऱ्यांचा, स्टँडमध्ये मोठा भाग शिया पोरांचा, सुरुवात झाली ती सुन्नी, द्रुझ आणि ख्रिश्चन शेजारी शेजारी राहणाऱ्या कोळ्यांच्या वस्तीत. त्यामुळे हा क्लब कुणा एकाच्या नावावर कधी चढलाच नाही, आणि माझ्या मते नेजमेची खरी कमाई कपांपेक्षा हीच आहे.

क्लबचं ग्राउंड मनारा भागात आहे. मनारा म्हणजे दीपगृह, ते जवळच आहे, आणि ग्राउंडच्या एका बाजूला कोर्निश, म्हणजे समुद्राकाठचा फिरायचा रस्ता, त्याच्या पलीकडे थेट भूमध्य समुद्र. मोठ्या मॅच इथे मावत नाहीत, त्या शहरातल्या कामील शमून स्टेडियमवर व्हायच्या. ते १९५७ चं, १९८२ च्या इस्रायली हल्ल्यांत उद्ध्वस्त झालं आणि १९९७ मध्ये परत उभं राहिलं.

त्याच जुन्या स्टेडियमवर ६ एप्रिल १९७५ ला पेले नेजमेची जर्सी घालून एक प्रदर्शनी मॅच खेळला. लोक सकाळपासूनच येऊन बसले होते, सुमारे ४० हजार माणूस, आणि पेलेने दोन गोल मारले. नेजमेचे तेव्हा फार चांगले दिवस होते, १९७२-७३ ला पहिली लीग जिंकलेली, १९७४-७५ ची दुसरीही त्यांचीच. पण पेलेच्या मॅचनंतर बरोबर एका आठवड्याने, १३ एप्रिलला, बैरुतच्याच ऐन अल-रुम्माने भागात एका बसवर गोळीबार झाला आणि जे यादवी युद्ध पेटलं ते १५ वर्षं चाललं. त्या पिढीचे लोक पेलेची मॅच सांगायला लागले की पुढचा आठवडाही त्यात येतोच, दोन आठवणी सुट्या होत नाहीत.

१९६९ पासून २००३ पर्यंत ओमर घंदूर अध्यक्ष होते, म्हणजे अख्खं युद्ध त्यांनी क्लब धरून ठेवला. युद्धकाळात बंद पडलेली लीग परत सुरू झाली तेव्हा अन्सारने ती सलग ११ वेळा जिंकली. हा अन्सार म्हणजे नेजमेचा सगळ्यात मोठा वैरी, बैरुत डर्बी म्हणतात ती ह्या दोघांचीच, आणि ती ११ ची माळ तोडली १९९९-२००० ला नेजमेनेच. २००३ नंतर क्लब हरिरी घराण्याकडे गेला, ग्राउंडलाही माजी पंतप्रधान रफिक हरिरींचं नाव आहे. २००५ ला एएफसी कपच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या एका स्पर्धेच्या, फायनलपर्यंत मजल मारली, तिथे जॉर्डनच्या अल-फैसलीकडून ०-१ आणि २-३ असे हरले.

मग २००७. १३ जूनला मनारातच, ग्राउंडच्या अगदी जवळ, खासदार वलीद ईदो यांच्या गाडीवर बॉम्बहल्ला झाला, १० जण गेले, त्यात हुसेन दोकमाक आणि हुसेन नईम हे नेजमेचे दोन खेळाडू होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, ही टीम एएफसी कपची क्वार्टर फायनल खेळली, समोर होती आपल्या मुंबईची महिंद्रा युनायटेड. नेजमे जिंकली. आपल्याकडे ती मॅच महिंद्राची हुकलेली सेमीफायनल म्हणूनच लक्षात राहिली, समोरच्या टीमने नुकतेच आपले दोन सोबती पुरले होते हे फार कमी जणांना माहीत असेल. (महिंद्रा युनायटेड २०१० ला बंदच झाली.)

त्याच काळात दंगलीच्या भीतीने लेबनॉनमध्ये प्रेक्षकांना स्टेडियममध्ये यायलाच काही वर्षं बंदी होती. नेजमेसारख्या गर्दीवर जगणाऱ्या क्लबला ह्याचा फटका जास्त बसला, कारण तिकिटाचं उत्पन्नही गेलं आणि आवाजही गेला. पुढे लोक परतले, २०१८ मध्ये अल्ट्रास सुपरनोव्हा हा फॅन ग्रुप उभा राहिला, ढोल, मरून झेंडे, गोलपोस्टच्या मागे पूर्ण ९० मिनिटं उभं राहून गाणारी पोरं. २०१३-१४ नंतर मात्र लीग हातात येत नव्हती, ती आली एकदम २०२३-२४ ला, दहा वर्षांनी, आणि क्लबची ही नववी लीग.