ठाण्याचे जज्ज आणि बर्लिनचे मास्तर
कपड्यांविना एकत्र राहण्याची चळवळ म्हणजे युरोपातल्या समुद्रकिनाऱ्यांवरचे फॅड, असा आपला समज. पण अशा पहिल्या ज्ञात संघाचा पत्ता निघतो आपल्या ठाण्याचा. साल १८९१. चार्ल्स क्रॉफर्ड हे विधुर इंग्रज गृहस्थ तिथे जिल्हा व सत्र न्यायाधीश होते. सोबतीला एका मिशनऱ्याचे दोन मुलगे, सभासद एवढेच. नाव मात्र भारदस्त : ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’. माथेरानच्या झाडीत ही मंडळी विवस्त्र राहत. अंगावर काय चालेल, याचाही नियम होता : अंगठी, चष्मा आणि कवळी! (जज्जसाहेबांचा मसुदा, त्यात पळवाट कशी राहील?) क्रॉफर्ड यांनी हे सारे एडवर्ड कार्पेंटर या इंग्रज विचारवंताला पत्रांतून कळवले, म्हणून आज ठाऊक आहे. पुढे त्यांची रत्नागिरीला बदली झाली आणि संघ बुडाला. १८९४ मध्ये ते वारले.

इथे हा तिघांचा खासगी मामला होता. त्याची चळवळ झाली जर्मनीत. गिरण्यांचा धूर, कोंदट चाळी, क्षयरोग यांना विटलेल्या शहरांत ऊन आणि मोकळी हवा हेच औषध मानणारे पंथ निघाले. पण सगळे एका माळेचे मणी नव्हते. रिखार्ड उंगेविटर यांना नग्नतेतून ‘शुद्ध वंश’ घडवायचा होता. उलट आडोल्फ कोख हे बर्लिनचे समाजवादी शाळामास्तर. नग्न व्यायामाच्या वर्गांवरून गदारोळ उठला, तेव्हा शाळा सोडून त्यांनी कामगारांसाठी स्वतःच्या व्यायामशाळा काढल्या. तिथे कवायतीबरोबर डॉक्टरी तपासणीही होई. माझ्या मते चळवळीचा खरा सामाजिक इतिहास इथे सुरू होतो, कारण आता ती फावल्या वेळेच्या धनिकांची राहिली नाही.

मार्च १९३३ मध्ये नाझी नेता गोअरिंगने फतवा काढून या ‘नग्नसंस्कृती’वर बडगा उगारला आणि कोख यांच्या शाळा बंद पडल्या. वंशवाद्यांच्या शाखेला मात्र नाझी राजवटीत जागा मिळाली. युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या सरकारनेही १९५४ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर नग्न स्नानाला बंदी घातली. लोकांनी इतकी ओरड केली की १९५६ मध्ये ठरावीक जागी परवानगी द्यावी लागली. पुढे तिथे सहकुटुंब नग्न स्नान ही सुट्टीतली नेहमीची गोष्ट झाली.

मराठीत हा विषय आणला रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२७ पासून निघणाऱ्या त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ते नग्न स्त्रीचित्र छापत आणि नग्नतेत अश्लील काही नाही, असे ठणकावून सांगत. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. आंबेडकर. तो खटला चित्रांवर नव्हता. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. खटला हरले, दंड झाला. मासिक मात्र १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत निघत राहिले.