दोरा ताणा, विमानाची वाट दिसेल

शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावर पडला असेल तर खाली काढा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा घट्ट ताणा. ताणलेला दोरा म्हणजे दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट. सिंध, अफगाणिस्तान करत तो मॉस्कोच्या आसपास चढतो, नॉर्वेतून आइसलंडवर जातो आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक जवळजवळ घासून कॅनडात उतरतो.

आता भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवा. ती जाते अरबस्तान, लिबिया, अल्जीरियावरून. दिसायला सरळ, पण तब्बल १,७०० किलोमीटरने लांब! हा बहुधा मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीचा नकाशा असतो. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकता यावं म्हणून तो केला. त्यापायी ध्रुवांकडचा भाग इतका ताणला गेला, की आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्शाचं ग्रीनलंड तिच्याएवढं दिसतं.

अंतर काढायचं तर किलोमीटर विसरून आधी कोन शोधायचा. पृथ्वीच्या केंद्रातून दोन्ही विमानतळांकडे रेघा ओढल्या तर त्यांच्यात किती अंश? मुंबईचे अक्षांश १९.०९, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचे ४०.६४, रेखांशांतला फरक १४६.६५. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२१३. दोन्ही कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार उणे ०.५९९. बेरीज उणे ०.३८६. हा आपल्या कोनाचा कोसाइन, म्हणजे कोन ११२.७ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की झालं: सुमारे १२,५३० किलोमीटर. दहावीच्या त्रिकोणमितीत एवढी मजा आहे हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आणि ही साइन मूळची आपल्याकडचीच. संस्कृत ‘ज्या’ अरबीत गेली, तिथून लॅटिनमध्ये जाताना अर्थाचा घोळ होऊन ‘सायनस’ झाली.

पृथ्वी विषुववृत्तावर थोडी फुगीर आहे. केंद्रापासून तिथे ६,३७८ किलोमीटर, ध्रुवावर ६,३५७. गोल धरून केलेलं गणित त्यामुळे फार तर अर्ध्या टक्क्याने चुकतं. गप्पांना पुरे, वैमानिकाचा संगणक मात्र हा फुगवटाही हिशेबात धरतो.

तरी विमान या दोऱ्यावरून नेमकं जात नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा आपल्या दोऱ्याचा सिंधमधला तुकडाच तुटला. शिवाय वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, म्हणून अमेरिकेला जाताना जास्त वेळ लागतो, परतताना कमी. ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. वाट १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाली. वारा पाठीशी होता. विमान साडेचौदा तासांत, नेहमीपेक्षा लवकर पोचलं.